दोष एकीचा, बदनामी दुसरीची

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही गावात नव्या सुनेच्या हाती गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट दिसलं, की घरात चार वाक्यं हमखास निघतात. गोळ्या गरम पडतात. पिशवी खराब होते. पुढं दिवस राहत नाहीत. आणि चौथं, सगळ्यांत वजनदार: लेकरं होऊन जाऊ द्या, मग ऑपरेशन करून मोकळं व्हा. आशाताईंनी दिलेलं पाकीट मग धान्याच्या डब्यामागं जातं आणि वर्षाच्या आत सून बाळंतपणाला माहेरी जाते.

या वाक्यांमागं द्वेष नसतो, काळजी असते. सासूनं, जावेनं, शेजारणीनं काही ना काही पाहिलेलं असतं. कुणाचं अंगावरून जाणं थांबेना म्हणून तिला रातोरात जीपमध्ये घालून तालुक्याला नेलेलं असतं, कुणाची पाळी चार महिने बिनसलेली असते. पाहिलेलं खोटं नसतं. त्याचं खापर मात्र भलत्याच गोळीवर फुटतं, आणि या गल्लतीची किंमत मराठवाड्यातल्या बायका पाठोपाठच्या बाळंतपणांनी आणि पंचविशीतल्या ऑपरेशनांनी चुकवत आल्या आहेत.

गल्लत शब्दापासूनच सुरू होते. गावात ‘गोळी’ हा एकच शब्द आहे आणि तो किमान चार वेगळ्या औषधांना लावला जातो.

पहिली, पाळी पुढं ढकलायची. महालक्ष्म्या बसायच्या आहेत, नवरात्रात माहूरला जायचं आहे, घरात लग्न आहे, म्हणून मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आणल्या जातात. ५ मिलिग्रॅमची एक गोळी, बहुधा दिवसातून तीनदा. ती थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि कधी कधी जोरात येते. ही गोळी गर्भ राहू नये म्हणून नसतेच. दुसरी, ७२ तासांची. अडीअडचणीला, एकदा घ्यायची. तिच्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असतं. ती महिन्यातून तीन-तीनदा घेतली तर पाळीचं वेळापत्रक कोलमडणारच. तिसरी, गर्भपाताची. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही औषधं कायद्यानं नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची आहेत. त्यांच्यात रक्तस्राव होणं हा उपचाराचाच भाग आहे. पण तपासणी न करता, दिवस न मोजता, चोरून घेतली तर गर्भ अर्धवट राहतो, नळीत गर्भ असेल तर जिवावर बेततं. जीपमध्ये घालून न्यावं लागतं ते बहुतेकदा या तिसऱ्या गोळीपायी. दवाखान्यात विचारलं की घरचे सांगतात, ‘गोळ्या खाल्ल्या होत्या.’ गावात बातमी पोचते तीही तेवढीच.

चौथी ती रोजची, कमी मात्रेची. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी ‘माला-एन’ ही तिची आपल्याकडची सगळ्यांत ओळखीची जात. पाकीट उलटून पाहिलं तर हिशेब समोर दिसतो. एकूण २८ गोळ्या. त्यातल्या २१ संप्रेरकांच्या, प्रत्येकीत लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ वेगळ्या रंगाच्या, त्या लोहाच्या. या सात दिवसांत पाळी येऊन जाते, रक्ताला लोह मिळतं आणि रोज एक गोळी घ्यायची सवय मोडत नाही. म्हणजे ७२ तासांची एक गोळी ही लिव्होनॉरजेस्ट्रेलच्या हिशेबात माला-एनच्या दहा दिवसांएवढी. ज्या घरात ती एका घोटात घेतली जाते त्याच घरात रोजची गोळी ‘फार कडक’ म्हणून फेकली जाते. मात्रेची ही उलटापालट कुणी तरी समोर बसून समजावून सांगितलीच पाहिजे.

भीतीला आणखी एक मूळ आहे, ते जुन्या काळात. अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत, ‘एनोव्हिड’मध्ये, एस्ट्रोजेन वर्गातलं संप्रेरक १५० मायक्रोग्रॅम होतं. पुढच्या काही वर्षांत शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याच्या तक्रारी आल्या आणि त्या खऱ्या होत्या. १९६९ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त एस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगितलं. १९७० मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये याच प्रश्नावर सुनावण्या झाल्या. मात्रा उतरत उतरत ३५ मायक्रोग्रॅमच्या खाली आली आणि तिला ‘कमी मात्रेची’ म्हणू लागले. माला-एनमध्ये ३० मायक्रोग्रॅम आहे, पहिल्या गोळीतल्या मात्रेचा पाचवा हिस्सा. बायकांनी तक्रार केली, शास्त्रानं ऐकलं, गोळी बदलली. आजीच्या काळातल्या गोळीचा दोष नातीच्या गोळीला लावून भागणार नाही.

‘सरकारी गोळी, फुकटची, म्हणजे हलकी,’ असंही शहरातल्या शिकलेल्या घरांत ऐकू येतं. पुरावा नेमकं उलटं सांगतो. युरोपियन औषध संस्थेनं २०१३ मध्ये या गोळ्यांचा आढावा घेतला. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाकाठी सुमारे दोघींना शिरेत गाठ होते. लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत हा आकडा पाच ते सात. ड्रोस्पायरिनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या नव्या आणि महागड्या गोळ्यांत नऊ ते बारा. फुकट मिळणारी सरकारी गोळी या बाबतीत कमी धोक्याच्या गटात आहे. आणि ज्या गरोदरपणाला घाबरायचं कारण नाही असं घरोघरी मानलं जातं, त्यात, त्यातही बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, गाठीचा धोका गोळीपेक्षा कितीतरी जास्त असतो. गोळीच्या धोक्याची तुलना ‘काहीच नाही’शी करून उपयोग नाही. गोळी नाकारणाऱ्या विशीतल्या मुलीच्या वाट्याला ‘काहीच नाही’ येत नाही, नको असलेलं गरोदरपण येतं.

आता पिशवीचा मुद्दा. रोजची गोळी अंडं सुटणं थांबवते आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करते. गोळी बंद केली की हे दोन्ही परिणाम ओसरतात आणि दिवस राहण्याची क्षमता लवकरच परत येते. वर्षानुवर्षं घेतली म्हणून वांझपण येत नाही. ही गोळी घेतलेल्या बायकांत अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी आढळतो, आणि हा फायदा गोळी सोडल्यावरही अनेक वर्षं टिकतो. दुसरी बाजू लपवायची नाही: गोळी चालू असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ घेतली तर गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचाही. दोन्ही धोके गोळी थांबवल्यावर हळूहळू उतरतात. हे सगळं एकत्र मांडलं की कुठलाही प्रामाणिक डॉक्टर ‘पिशवी खराब होते’ असं म्हणू शकणार नाही.

मग पिशवीचं खरं नुकसान कुठं होतं? शेजारच्या बीडचा आकडा समोर ठेवावा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीपुढं जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. बालाघाटच्या रांगांतून, कंधार-मुखेड-अहमदपूर-जळकोटकडूनही माणसं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. पाळीत जास्त जातं, कंबर दुखते, एका दिवसाचा खाडा परवडत नाही, म्हणून तिशीतल्या बाईची पिशवी काढली जाते. पाळीतल्या अति रक्तस्रावावर वैद्यकशास्त्रात जी औषधं आधी वापरून पाहतात, त्यात हीच कमी मात्रेची गोळी आहे. पिशवी बिघडेल म्हणून जिला या गोळीला हात लावू दिला नाही, तिची पिशवीच कापून टाकली जाते आणि त्यावर घरात कुणी चकार शब्द काढत नाही. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हणायला हवं.

आणखी एक आक्षेप गावातून येत नाही, व्यवस्थेतून येतो. ‘आपल्या बायका अडाणी, रोज गोळी घेणं त्यांना जमायचं नाही, विसरतात.’ हे बोलणारे गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस रोज घ्यायला सांगतात. क्षयरोगाच्या रुग्णाकडून सहा महिने रोज औषध घेण्याची अपेक्षा करतात. बचत गटाचा हप्ता, पोराच्या लसीची तारीख, सोळा सोमवारांतला कितवा सोमवार, हे सगळं तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला २८ गोळ्यांचं पाकीट मोजता येणार नाही, असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

विसरणं होतं, हे खरं. न चुकता घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. रोजच्या जगण्यात, विसरत-आठवत घेतली तर शंभरात सुमारे सात जणींना जातात. हा फरक बुद्धीचा नाही, सूचनांचा आहे. पाकीट हातात ठेवून ‘रोज एक घे’ एवढंच सांगितलं जातं. विसरली तर काय, हे सांगितलं जात नाही. ते सांगायला पाच मिनिटं पुरतात.

पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घेतली तर त्याच दिवसापासून भरवसा. इतर दिवशी सुरू करायची तर आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घ्यायची आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. वेळ ठरलेली हवी, रात्रीच्या जेवणानंतरची बरी, म्हणजे मळमळ कमी जाणवते. एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची आणि पुढची ठरल्या वेळेला, मग एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त विसरल्या तर एक लगेच घेऊन रोजचा क्रम चालू ठेवायचा आणि सात दिवस निरोध वापरायचा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करायचं. पहिल्याच आठवड्यात झालं आणि मधे संबंध आला असेल तर ७२ तासांच्या गोळीबद्दल विचारायचं; तिचा खरा उपयोग तिथं आहे. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर आणखी एक घ्यायची. लोहाची गोळी विसरली तर काही बिघडत नाही, पण सात संपल्या की आठव्या दिवशी नवं पाकीट उघडलंच पाहिजे. दिवस जातात ते बहुतेकदा इथं: पहिलं पाकीट संपतं, दुसरं घरात नसतं, आशाताई बाजाराला किंवा बैठकीला गेलेल्या असतात.

पहिले दोन-तीन महिने अधूनमधून डाग पडतात, मळमळतं, छाती जड होते. ‘गरम पडली’ म्हणून गोळी सोडली जाते ती याच काळात, आणि बहुतेकींचा हा त्रास तीन पाकिटांत ओसरणारा असतो. हे आधी सांगितलं तर बाई घाबरत नाही. वजनाबद्दलचा धाकही असाच. या गोळ्यांनी वजन फार वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

राहिलं सगळ्यांत वजनदार वाक्य: ऑपरेशनच बरं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे ४९ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. रोजची गोळी घेणाऱ्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. पुरुष नसबंदी शंभरात एकही नाही. याचा अर्थ सरळ आहे. लग्न ते ऑपरेशन या मधल्या वर्षांसाठी बाईच्या हाती फारसं काही दिलं जात नाही. लवकर लग्न, लवकर पहिलं, त्याच्या पाठीवर दुसरं, मग टाके. जागतिक आरोग्य संघटना एका बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणापर्यंत किमान दोन वर्षांचं अंतर सांगते. ते ऑपरेशननं साधत नाही. ऑपरेशन पाळणा थांबवतं, लांबवत नाही.

आणि थांबवलेला पाळणा पुन्हा हलवणं किती अवघड, हे लातूरइतकं कुणाला ठाऊक असेल? ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी परिसर हलला आणि दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो गेले, त्यात लेकरं होती. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या ज्या आयांचं ऑपरेशन झालं होतं, त्यांच्यापुढं शोकाबरोबर आणखी एक बंद दार होतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू सरकारनं अशा आयांच्या नळ्या पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. नळ्या जोडल्या तरी गर्भ राहीलच याची खात्री कुठलाही सर्जन देत नाही. भूकंप रोज होत नाही, पण लेकरू दगावणं, नवरा जाऊन पुन्हा लग्न होणं, हे घडतं. ज्या बाईची लेकरं मोठी झाली आहेत आणि जिनं स्वतः विचार करून ठरवलं आहे, तिला ऑपरेशन योग्यच आहे. पण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीपुढं तोच एक उपाय ठेवणं म्हणजे तिच्या पुढच्या वीस वर्षांचा निर्णय एका सकाळी, शिबिराच्या रांगेत उरकणं.

मराठीत हा वाद शंभर वर्षांचा आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि त्यापायी खटले सोसले. नोव्हेंबर १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो मंजूर झाला नाही. तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते, या चर्चेपासून दूर. त्या वेळी विरोध नीतीच्या नावानं होई, आता तो तब्येतीच्या नावानं होतो. तब्येतीचं नाव घेतलं की पुरावा मागता येतो, आणि पुरावा पाहिला की आक्षेपातला जो भाग खरा आहे तोही नेमका दिसतो.

तो भाग असा. ही गोळी प्रत्येकीची नाही. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर नाही. वय ३५ च्या पुढं आणि विडी-सिगारेट ओढत असेल तर नाही. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं लखलख किंवा नागमोडी रेषा दिसणारी अर्धशिशी असेल, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गाठ झालेली असेल, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल तर नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनं बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ही गोळी घेऊ नये. तिच्यासाठी ‘छाया’ आहे. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेली ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची असते. क्षयावरचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरची काही औषधं चालू असतील तर रोजची गोळी निकामी ठरू शकते, तेव्हा तांबी किंवा दुसरा उपाय. आणि गोळी घेत असताना एका पायाच्या पोटरीत सूज येऊन ठणका, छातीत कळ, धाप, पोटात तीव्र दुखणं, अचानक भयंकर डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख संस्थेचं आहे. तिथं पोचल्यावर ‘गोळ्या खाल्ल्या’ एवढं न सांगता पाकीटच दाखवायचं.

गोळीच्या विरोधकांनी या यादीवर बोट ठेवून म्हणावं की बघा, धोका आहेच. हो, आहे. पण यातली बहुतेक कारणं चार-पाच प्रश्नांत आणि बीपीच्या एका मापात कळतात. सोनोग्राफी लागत नाही, महागड्या रक्ततपासण्या लागत नाहीत. धोका ओळखायला पाच मिनिटं लागत असतील, तर ती पाच मिनिटं का दिली जात नाहीत, हा प्रश्न गोळीला विचारायचा नाही. तो गोळी वाटणाऱ्यांना विचारायचा आहे. पाकिटांचा आकडा महिनाअखेरीच्या अहवालात भरला जातो. ते पाकीट देण्यापूर्वी बीपी मोजलं का, याचाही रकाना त्यात हवा.

त्यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. गावोगावी महिन्यातून एकदा आरोग्य आणि पोषण दिवस भरतो, बहुधा अंगणवाडीत. सिस्टर लसींचा डबा घेऊन येते. गरोदर बायका एका ओळीत बसतात, वजनकाटा असतो, बीपीचं यंत्र टेबलावर उघडं असतं. नव्यानं लग्न झालेली मुलगी, नाहीतर पहिलं लेकरू दीड वर्षाचं असलेली आई, तिथं कुणाच्या तरी सोबतीला आलेली असते आणि दाराशी उभी राहून परत जाते. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांनी एवढंच करावं: तिला आत बोलवावं, तिच्याही दंडाला तोच पट्टा गुंडाळावा, पाच प्रश्न सासूपासून जरा बाजूला घेऊन विचारावेत, तीन पाकिटं एकदम द्यावीत, विसरलेल्या गोळीचा मराठीत छापलेला कागद सोबत द्यावा, आणि तिसरं पाकीट संपण्याआधीची तारीख तिच्या कार्डावर पेनानं लिहून द्यावी.